घराची ऊब आणि घरातली हवा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने आपल्या अनुभवातल्या विषयावर चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले. मी विषय निवडला तो थंडीत घर ऊबदार ठेवण्याचा. आपल्याला वर्षातले आठ महिने घर गार कसे राहील याचीच काळजी असते, तेव्हा हा विषय कोणाला परका वाटेल. पण थंडी आपल्याकडेही पडते, आणि त्या थंडीत आपण विस्तव घरात कसा आणतो यावर कधी कधी माणसाचा जीव अवलंबून असतो. म्हणून हा विषय घेतला.

माझ्या यजमानांची नेमणूक सतलज नदीवरील एका वीजप्रकल्पाच्या कामावर झाली होती. त्यामुळे २०११ ते २०१४ या काळातले तीन हिवाळे आम्ही हिमाचल प्रदेशातील किन्नौर जिल्ह्यात काढले. रेकाँग पिओ हे तिथले जिल्ह्याचे ठिकाण. समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांहून उंच. समोर किन्नर कैलासाची बर्फाची शिखरे, आणि उतारावर देवदाराची, चिलगोज्याची झाडे. दृश्य डोळ्यांना सुख देणारे खरे, पण डिसेंबर लागला की नळाचे पाणी नळातच गोठायचे आणि खोबरेल तेलाच्या बाटलीचा दगड व्हायचा, तो एप्रिलपर्यंत विरघळायचा नाही.

तिथल्या घरांत मधल्या खोलीत लोखंडी पत्र्याची एक शेगडी असते. तिला तिकडे ‘तंदूर’ म्हणतात. काश्मीरकडे अशाच शेगडीला ‘बुखारी’ हे नाव आहे. रोटीच्या तंदुराशी हिचा संबंध नाही. तीन-चार पायांवर उभी केलेली बंद पेटी, पुढे लाकूड घालायचे छोटे दार, खाली राख पडायला जागा, आणि मागून चार-पाच इंच रुंदीचा पत्र्याचा नळ, तो वर चढून छपरातून बाहेर गेलेला. सगळे कुटुंब हिवाळ्यात हिच्याभोवती बसते, जेवते आणि झोपतेही त्याच खोलीत. वर पाण्याचे भांडे कायम चढवलेले असते, डाळही तिच्यावरच शिजते.

उघड्या चुलीत आणि ह्या पेटीत फरक काय, तो सांगते. उघड्या आगीची बरीचशी ऊब धुराबरोबर वर निघून जाते, आणि तिच्या ओढीने खोलीतली गरम हवाही बाहेर जाते. पेटीत हवा दाराच्या छोट्या भोकातून बेतानेच आत येते, त्यामुळे लाकूड सावकाश जळते. लोखंड तापते आणि ते खोलीला तापवते. नळही खोलीतून वर जाताना ऊब देत जातो. म्हणून थोड्या लाकडात रात्र निघते. सरपण डोंगरावरून पाठीवर वाहून आणणाऱ्या बायकांना हा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही.

आमच्या घरमालकीणबाई साठीच्या पुढच्या होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बजावले, “बेटी, लाकूड यंदाचे घेऊ नकोस, गेल्या वर्षीचे घे.” ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. ते पाणी उडवण्यातच विस्तवाची शक्ती खर्च होते, मग ऊब कमी आणि धूर फार. म्हणून तिकडे लाकूड फोडून, वळचणीला रचून, वरून झाकून आणि बाजूंनी मोकळे ठेवून निदान एक उन्हाळा वाळवतात. वाळलेल्या ढलपीच्या टोकाला चिरा पडतात, आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज येतो. ओले लाकूड ठस्स वाजते. सफरचंदाच्या बागांची छाटणी हिवाळ्याच्या शेवटी होते, त्या फांद्याही पुढच्या वर्षासाठी अशाच रचून ठेवतात.

दुसरा धडा नळाचा. रात्री लाकूड पुरावे म्हणून कोणी दाराचे भोक अगदी बंद करून आग धुमसत ठेवली, की नळात डांबरासारखा चिकट काळा थर बसतो. तो साचत जातो आणि एखाद्या दिवशी मोठ्या आगीने नळातच पेटतो. घरे लाकडाची, छपरे लाकडाची; मग काय होईल ते सांगायला नको. म्हणून ऐन हिवाळ्यात महिन्यातून एकदा थंड शेगडीचा नळ उतरवायचा, अंगणात आपटून, काठीला चिंधी बांधून साफ करायचा. नळ छपरातून जातो तिथे लाकडाला त्याचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. शेगडीखाली पत्रा किंवा फरशी हवी, आणि वाळत घातलेले कपडे, गाद्या, सरपण निदान तीन फूट लांब हवे. राखेचेही तसेच. वरून विझलेल्या राखेत दुसऱ्या दिवशीही निखारा सापडतो. ती झाकणाच्या लोखंडी डब्यात घालून घराबाहेर ठेवायची, पुरती थंड झाली की झाडांना घालायची.

तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा, आणि मी उभी राहिले ती खरे तर त्यासाठीच. बाहेर बर्फ पडत असले तरी घरमालकीणबाई शेगडीच्या खोलीची खिडकी दोन बोटे उघडी ठेवत. मला नवल वाटे, की एवढे सरपण जाळायचे आणि वर थंडी आत घ्यायची? त्याचे उत्तर जानेवारी २०१३ मध्ये मिळाले. खालच्या रस्त्याच्या कामावरचे तीन मजूर एका खोलीत राहत. थंडी असह्य झाली म्हणून त्यांनी घमेल्यात पेटलेला कोळसा घेतला, दाराखिडक्यांच्या फटींत पोती कोंबली आणि झोपले. सकाळी त्यांतले दोघे उठले नाहीत. तिसऱ्याचे डोके दाराच्या फटीशी होते, तिथले पोते रात्री सरकले होते, म्हणून तो वाचला. अंगावर भाजल्याची खूण नाही, खोलीत धूर नाही.

भगिनींनो, धूर तेथे अग्नी असे आपण म्हणतो. पण अग्नी तेथे धूर दिसेलच असे नाही. लालभडक कोळसा धूर करत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. मात्र त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे जे द्रव्य आहे, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, गरगरते, मग गुंगी येते. उठून खिडकी उघडावी एवढीही शक्ती राहत नाही. नळ असलेल्या शेगडीचा हा वायू नळातून बाहेर जातो. घमेल्याला नळ कुठला? आणि नळ तुंबला, तर शेगडी आणि घमेले सारखेच.

आता आपल्या घराकडे येते. आपल्याकडे घर तापवायची शेगडी नाही, पण बाळंतिणीची शेगडी आहे. २०१९ च्या जानेवारीत माझी भाची बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे आली होती. गाव निफाडजवळ. नाशिक जिल्ह्यातला हा भाग हिवाळ्यात किती कडक असतो, हे वर्तमानपत्रांतून आपण दरवर्षी वाचतोच. मी बाळ पाहायला गेले. खोलीची खिडकी गोधडीने झाकलेली, दार लोटलेले, बाजेखाली कोळशाची शेगडी, त्यावर ओवा आणि बाळंतशोपा घातलेल्या. भाची म्हणाली, “मावशी, दोन दिवस डोके ठणकतेय, आणि बाळ नुसते झोपून असते, दूधही ओढत नाही.” बहिणीच्या घरात कोणाला त्यात विशेष वाटले नव्हते. बाळंतिणीचे डोके दुखतेच, आणि बाळ झोपतेच.

मी आधी शेगडी उचलून अंगणात नेली आणि खिडकीवरची गोधडी काढली. बाळाला आणि भाचीला पांघरुणात गुंडाळून पडवीत बसवले. बहिणीच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळ्या माई म्हणतो, फार रागावल्या. “ओल्या बाळंतिणीला वारा दाखवतेस? आम्ही काय पोरे वाढवली नाहीत?” मी म्हटले, “माई, तुम्ही पाच वाढवलीत. पण तुमच्या बाळंतपणाची खोली कौलारू होती, कौलांच्या फटींतून हवा खेळत होती. ही खोली स्लॅबची आहे, खिडकीला काच आहे. शेगडी तीच आहे, खोली बदलली आहे.” माई काही बोलल्या नाहीत, पण गोधडी परत लावायलाही कोणी उठले नाही. दोघांना आम्ही लगेच दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी दोघांना प्राणवायू लावला. संध्याकाळी बाळाने दूध ओढले.

माईंचा राग गैर होता असे मी म्हणणार नाही. शेक-शेगडी ही बाळंतिणीवरच्या मायेतूनच आली आहे. ती माया तशीच राहावी, फक्त तिच्यासाठी हवेला वाट असावी. शेक द्यायचा असेल तर खिडकी उघडी ठेवून, जागेपणी, शेजारी माणूस बसवून द्यावा, आणि निजायच्या आधी शेगडी घराबाहेर न्यावी. ऊब रात्रभर हवी असेल तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवावी, लोकरीचे पांघरूण घालावे. बाळाला आईच्या कुशीची ऊब आहेच. गर्भारशीने तर कोळशाच्या बंद खोलीत मुळीच थांबू नये, कारण पोटातल्या बाळाला हा वायू आईपेक्षाही अधिक बाधतो. बंद न्हाणीघरातला गॅसचा गीझर ह्याच जातीचा आहे, तिथेही हवा खेळती हवी. आणि घरातल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर गोळी शोधण्याआधी दारे-खिडक्या उघडून सगळ्यांनी बाहेर यावे, आणि मग दवाखाना गाठावा.

ही नवी शिकवण आहे असे नाही. आपल्याच महाराष्ट्रात वर्ध्याला १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, कुमारप्पांनी त्याचे काम वाढवले, आणि तिथल्या मगनवाडीत पुढे धूर बाहेर नेणारी ‘मगन चूल’ तयार झाली. विस्तव घरात आणायचा तर त्याच्या धुराला वाट करून द्यायची, हे त्या मंडळींनी बायकांच्या डोळ्यांचे आणि छातीचे हाल पाहून ठरवले. आता गॅस घरोघर आला आहे, तरी गावाकडे पाणी तापवायला चूल पेटतेच, आणि थंडीच्या रात्री घमेले घरात येतेच.

तेव्हा माझी मंडळाला एकच विनंती आहे. संक्रांतीचे हळदीकुंकू ऐन थंडीत येते. त्या दिवशी वाण देताना प्रत्येकीने एका घरी, विशेषतः जिथे बाळंतीण आहे किंवा चौकीदाराचे, मजुराचे कुटुंब एका खोलीत राहते अशा घरी, एवढेच सांगावे: निजताना विस्तव बाहेर, आणि खिडकी दोन बोटे उघडी. त्याला पैसा लागत नाही.