गवतारू घर आणि ते शाकारणारे हात



पेण-रोह्याच्या डोंगराकडील कातकरी व ठाकूर वाड्यांतून कुडाची, गवताने शाकारलेली घरे पूर्वी सर्रास दिसत. आज ती मोजकीच उरली. सरकारी कागदांत त्यांना ‘कच्ची घरे’ म्हणतात. पण त्या कच्चेपणामागे केवढे पक्के ज्ञान आहे, ते आज आपण पाहू.

कारवीच्या काठ्या बांधून वर शेणमाती लिंपली की कूड होतो. ही कारवी साधारण आठ वर्षांनी एकदा फुलते, बी टाकते आणि मरते. तेव्हा ती कोठली व किती तोडावी हे कळावे लागते. छपराचा उतार चांगला उभा हवा. पेंढ्याचे थर वळचणीपासून आढ्याकडे चढवीत नेतात. पाणी काडीकाडीवरून ओघळून जाते आणि आतला पेंढा कोरडा राहतो. उतार चुकला की छप्पर कुजलेच! दरवर्षीची शाकारणी हीच या विद्येची शाळा.

ती शाळा ओस का पडली? पत्रे आले हे खरेच. पण भाताच्या बुटक्या जातीही आल्या, लांब पेंढा दुर्मिळ झाला. यंत्रातून निघतो तो मोडलेला. शिवाय कित्येक कातकरी वाड्या परक्यांच्या जमिनीवर वसलेल्या. उद्या उठावे लागेल अशा जागी कोण मनापासून घर बांधील?

म्हणून पक्के घर मागणाऱ्या कातकरी बाईला ‘तुझी झोपडीच सुंदर’ असे सांगण्याचा अधिकार आम्हां शहरवासीयांना नाही. आगीचे भय आणि शाकारणीचे कष्ट तिचे आहेत. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकऱ्यांसाठी पक्क्या घरांची तरतूद आहे. ती घरे त्यांना मिळालीच पाहिजेत.

मग आपण जपायचे काय? शाकारणारे हात. पेणच्या गणेशमूर्तिकारांकडे पाहा. गावोगावचे गिऱ्हाईक लाभले, म्हणून ती कला घराघरांतून टिकली. आपणही शाकारणी करणाऱ्यांचे गिऱ्हाईक होऊ या. शाळेच्या आवारातली पडवी, वाचनालयाचा मांडव, बागेतला निवारा त्यांच्याकडून बांधून घेऊ. मजुरी गवंड्याइतकी देऊ आणि प्रत्येक कामावर दोन पोरे शिकाऊ म्हणून, पगार देऊन, ठेवू.

मेलेल्या कारवीचे बी पुढच्या पावसात रुजते. हातचे कसब मात्र शिकणारा समोर असेल तरच रुजते. आणि शिकवणारे आता म्हातारे झाले आहेत.