फ्रिज आहे म्हणजे गरीब नाही?

‘गरीब घरातल्या मुलांची वाढ खुंटते’ अशी बातमी तुम्ही ऐकली असेलच. माझा प्रश्न साधाय: कोण गरीब, हे ठरवतं कोण आणि कसं?

दारात जाऊन ‘महिन्याला किती कमावता?’ विचारलं तर खरं उत्तर मिळणं अवघड. नाक्यावर उभं राहणाऱ्याला आज काम मिळतं, उद्या नाही. शेतीचं उत्पन्न हंगामाचं. म्हणून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला संपत्ती निर्देशांक कमाईवर नाही, घरातल्या गोष्टींवर काढतात: पंखा, टीव्ही, फ्रिज, दुचाकी, कसलं इंधन, पाणी कुठलं, संडास कसला. मग पीसीए चालवायचं, पहिला कंपोनंट घ्यायचा, तोच संपत्तीचा स्कोअर. फिल्मर आणि प्रिचेट या दोघांनी २००१ मध्ये ही पद्धत भारताच्याच डेटावर दाखवली. स्कोअरप्रमाणे लोकांचे पाच समान गट पाडतात.

२०१९-२१ च्या फेरीत सगळ्यात खालच्या गटातली पाच वर्षांखालची साधारण ४६ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. सगळ्यात वरच्या गटात? २३ टक्के. म्हणजे ‘श्रीमंतां’कडेही चारातलं जवळपास एक!

पण हा वरचा गट म्हणजे बंगलेवाले नव्हेत, देशातली वरची २० टक्के माणसं. शहरातल्या वस्तीतलं एखादं घर टीव्ही, गॅस, फ्रिजच्या जोरावर बरंच वर जाऊ शकतं. फ्रिज हप्त्यावर घेतलाय का, आत काय आहे, भाड्यात किती जातात, हे स्कोअरला कळतच नाही.

दवाखान्यातल्या अभ्यासांत कुप्पुस्वामी स्केल फार चालतं. १९७६ चं, शहरांसाठी बनवलेलं. कुटुंबप्रमुखाचं शिक्षण, त्याचा व्यवसाय आणि घरचं उत्पन्न, मिळून ३ ते २९ गुण. यात रुपयांचे आकडे अक्षरशः हार्डकोड केलेले, महागाईप्रमाणे सारखे बदलावे लागतात. आणि कुटुंबप्रमुख म्हणजे बहुतेक वेळा बाबा किंवा आजोबा. बाळाला भरवणारी आई किती शिकलीय, याला गुणच नाहीत! मला तर हे बगच वाटतं.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते संडासाचं. उघड्यावर शौचाला जावं लागतं तिथे जुलाब वाढतात, सारखे जुलाब झाले की वाढ खुंटते. म्हणजे संडासाचा तब्येतीशी थेट संबंध. तोच आपण संपत्तीच्या स्कोअरमध्येही घातलाय. मग ‘गरिबीमुळे मुलं खुजी राहिली’ असा निष्कर्ष आला, तर त्यात पैशाचा वाटा किती आणि घाणीचा किती? सरकारने घरी पैसे पाठवायचे की गटार बांधायचं, हे त्यावर ठरणार ना. म्हणून पाणी-संडास बाहेर काढून स्कोअर पुन्हा काढून बघायला हवा. कोडमध्ये दोन ओळींचा बदल आहे हो!

आता ‘बुटकी’ हे कुठल्या मोजपट्टीने ठरवतात, ते पुढच्या भागात.