कोश ब्राउझरात बसवताना



मुंबईत आमच्या देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. स्थापना १९५६ची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम १९९२-९३ सालच्या पहिल्या फेरीपासून हीच संस्था सांभाळत आली. २०१९ ते २१ या काळातल्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं ‘स्टंटेड’ निघाली, म्हणजे वयाच्या मानाने त्यांची उंची कमी भरली. या फेरीचा अहवाल इंग्रजीत आहे, पीडीएफच्या रूपात. इथल्याच वस्तीतली, मराठी शाळेत शिकून समाजकार्याच्या वर्गात पोचलेली मुलगी तो उघडते, तेव्हा असे शब्द पानोपानी आडवे येतात. शब्द निवडला की शेजारी मराठी अर्थ दिसावा, एवढंच करणारं ब्राउझर एक्स्टेन्शन आम्ही काही जण मिळून बांधतो आहोत. ते कुठल्या पद्धतीने बांधायचं, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली.

सगळ्यांना आधी सुचतो तो मार्ग असा: उघडलेल्या प्रत्येक पानात आपली स्क्रिप्ट घालायची, निवडलेला शब्द सर्व्हरला पाठवायचा आणि अर्थ मागवायचा. काम झटपट होतं. पण असं एक्स्टेन्शन बसवताना क्रोम इशारा देतो, की हे सर्व संकेतस्थळांवरचा तुमचा सगळा डेटा वाचू आणि बदलू शकेल. तो इशारा वाचून त्या मुलीने नको म्हटलं, तर मी तिलाच शहाणी म्हणेन. त्याच ब्राउझरात ती बँकेचं खातं पाहते, स्वतःच्या दुखण्याखुपण्याची माहिती शोधते. तिने कोणता शब्द केव्हा पाहिला, याची नोंद आमच्याकडे जमावीच कशाला?

म्हणून ठरलं, की शब्दांची यादी एक्स्टेन्शनच्या पोटातच ठेवायची. काही हजार शब्द आणि त्यांचे अर्थ मिळून मोबाइलवर काढलेल्या एका फोटोएवढेसुद्धा भरत नाहीत. शिवाय इंटरनेट गेलं तरी कोश चालतो. परवानगी मागायची ती फक्त समोरच्या टॅबची, तीही वाचणारीने आमच्या चिन्हावर क्लिक केल्यावर. तिने दुसरं संकेतस्थळ उघडलं की ती मुभा संपते. एवढ्याच परवानगीवर भागवलं, तर बसवताना तो धडकी भरवणारा इशारा येत नाही.

आता क्रोमच्या नव्या नियमांचं. मॅनिफेस्ट व्ही-थ्री नावाच्या या नियमांनुसार बाहेरून कोड आणून चालवता येत नाही, जे चालवायचं ते सगळं पॅकेजमध्येच हवं. पडद्यामागे सतत जागं राहणारं पान गेलं आणि त्या जागी सर्व्हिस वर्कर आला. तीस सेकंद काही काम नसलं की ब्राउझर त्याला बंद करतो. हे ध्यानात न घेता शब्दांची यादी नुसती व्हेरिएबलमध्ये ठेवली, तर पहिला शब्द चटकन सापडतो. मग मुलगी दोन परिच्छेद शांतपणे वाचते, पुढचा शब्द निवडते आणि चौकट रिकामी येते. यादी इंडेक्स्डडीबी या ब्राउझरच्या कायमच्या साठ्यात ठेवावी आणि वर्कर पुन्हा उठला की तिथून वाचावी. जुन्या सवयीच्या डेव्हलपरांना हे जाचक वाटतं. मला स्वतःला मात्र बाहेरच्या कोडवरची बंदी योग्य वाटते. जे तपासलं तेच चालेल, एवढा भरवसा वाचणाऱ्याला मिळायला हवा.

खरी अडचण पीडीएफची. क्रोम असो वा फायरफॉक्स, ब्राउझरच्या स्वतःच्या पीडीएफ खिडकीत आपली स्क्रिप्ट शिरू शकत नाही. आणि आमचं सगळं वाचन तर पीडीएफचंच! यावर पीडीएफ दाखवणारं मोझिलाचं मुक्त पीडीएफ-जेएस कामी आलं. ते पॅकेजमध्ये घालून आम्ही आमचं वाचनाचं पान बांधलं. अहवाल एकदा उतरवून घ्यायचा आणि फाइल त्या पानात उघडायची. फाइल वाचणारीने स्वतः निवडलेली असते, त्यामुळे एकही जादा परवानगी लागत नाही. एक पायरी वाढते, हे खरं, पण ती मला चालेल.

रिअॅक्टसारखं तयार फ्रेमवर्क घ्यावं की आणखी काही, यावर आम्ही फार वेळ घालवला नाही. एक चौकट, एक यादी. साधी जावास्क्रिप्ट पुरते. फायरफॉक्ससाठी एक्स्टेन्शनच्या मॅनिफेस्ट फाइलमधल्या मोजक्या ओळी बदलाव्या लागतात, बाकी कोड तोच.

राहता राहिला फोन. बऱ्याच मुलींकडे संगणक नाही, फोन आहे. अँड्रॉइडवरच्या क्रोमला एक्स्टेन्शन चालत नाहीत. फायरफॉक्सने डिसेंबर २०२३मध्ये अँड्रॉइडवर ती वाट सगळ्या डेव्हलपरांना मोकळी केली, पण केवळ आमच्या कोशासाठी कुणी नवा ब्राउझर घ्यावा, ही अपेक्षा जास्तच झाली. म्हणून आमचं वाचनाचं पान आम्ही एक्स्टेन्शनच्या कोडपासून वेगळं काढतो आहोत. तेच पान, तीच यादी साध्या वेबपेजसारखी फोनच्या कुठल्याही ब्राउझरात उघडेल आणि निवडलेली फाइल फोनबाहेर जाणार नाही.