टाकलं ते परत काढता आलं पाहिजे



आज मी एका पुडीबद्दल बोलणार आहे. ती घाण पाण्यात टाकायची, उन्हात ठेवायची आणि काम झालं की चुंबकाने परत गोळा करायची. विषय प्रयोगशाळेतला वाटेल; पण भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर इथल्या कितीतरी घरांची चूल मागावर पेटते. रंगाईचं पाणी कुठे जातं, हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

सुती कापडाला रिअॅक्टिव्ह रंग देताना साधारण 10 ते 40 टक्के रंग कापड धरतच नाही. तो मीठ आणि सोड्यासकट धुण्याच्या पाण्यात उतरतो. हे रंग धुऊन जाऊ नयेत, उन्हात विटू नयेत असेच बनवलेले असतात. म्हणून सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणूही त्यांना सहज खात नाहीत.

1972 साली जपानच्या अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी ‘नेचर’मध्ये एक शोध मांडला: टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील प्रकाश पाडून पाण्याचं विघटन करता येतं. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच हा पदार्थ. प्रकाश पडला की त्यातला इलेक्ट्रॉन जागा सोडतो. तो इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा पाण्यातून व प्राणवायूतून हायड्रॉक्सिल मूलकं तयार करतात. ही मूलकं रंगाचा रेणू तोडत जातात. काम पूर्ण झालं तर शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडे क्षार उरतात. पूड स्वतः खर्च होत नाही, म्हणून तिला प्रकाश-उत्प्रेरक म्हणतात.

कण जितका बारीक, तितका त्याचा पृष्ठभाग मोठा आणि काम जलद. म्हणून 20-25 नॅनोमीटरचे कण वापरले जातात. अडचण इथूनच सुरू होते. इतका बारीक कण लवकर खाली बसत नाही आणि साध्या गाळणीतून निसटतो. म्हणजे रंग काढायला गेलो आणि पाण्यात नवीन पूड सोडून आलो!

यावर उपाय म्हणून कणाच्या पोटात मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचा चुंबकीय ऑक्साइड, ठेवतात. मॅग्नेटाइटचा कण पुरेसा लहान असला की तो चुंबक जवळ असेपर्यंतच चुंबकासारखा वागतो. चुंबक दूर नेला की कण मोकळे होतात आणि पुन्हा वापरता येतात. पण टायटॅनियमचा थर थेट लोहावर चढवला, तर प्रकाशात लोह विरघळू लागतं आणि पुडीची ताकदही घटते. ऑस्ट्रेलियात बेडून, अमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 च्या सुमारास हे दाखवलं. म्हणून मधे सिलिकाचा पातळ थर देतात. आत लोह, मधे सिलिका, वर टायटॅनियम.

मग हे आपल्या नाल्यावर का दिसत नाही? कारण बहुतेक प्रयोग स्वच्छ पाण्यात एकच रंग घालून केलेले असतात. खऱ्या सांडपाण्यात मीठ, सोडा, खळ, साबण असं सगळं असतं आणि मूलकं त्यांच्यावरच खर्च होतात. गडद पाण्यात प्रकाश खोल जात नाही. सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम 5 टक्के असतो. झिंक फेराइटसारखे पदार्थ दृश्य प्रकाशही वापरतात, त्यांच्यावर काम चालू आहे.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. वुजूच्या पाण्याचा रंग, वास आणि चव बदललेली नाही ना, हे पाहायला आपल्याला घरी शिकवतात. रसायनांच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. रंगाचा रेणू अर्धवट तुटला, तरी पाणी नितळ दिसतं. पण अॅझो रंगांपासून सुटणारी काही अमाइन्स कर्करोगाला कारण ठरू शकतात. रंग जाणं वेगळं आणि पाणी शुद्ध होणं वेगळं.

म्हणून ‘नॅनो’ नावाचं यंत्र घेऊन कुणी आपल्या गावात आलं, तर चार प्रश्न विचारा. प्रयोग आमच्याच सांडपाण्यावर केला का? रंगाबरोबर सीओडी किती उतरला? कितव्या वापरापर्यंत पूड टिकली? शेवटच्या पाण्यात लोह आणि टायटॅनियम किती उरलं? नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी सीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम आहे. तुमच्या गावच्या सांडपाणी केंद्राचे आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहिती अधिकारात मागता येतात. त्यासाठी रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.

तुमच्यातले जे विज्ञान शिकताहेत, त्यांनी प्रकल्पासाठी बाटलीतला निळा रंग घेण्याऐवजी आपल्या गल्लीमागच्या नाल्याचं पाणी घ्यावं. निकाल कदाचित वाईट येईल, पण तो खरा असेल.

या पुडीचा नियम साधा आहे: पाण्यात जे टाकलं, ते परत काढण्याची सोय टाकणाऱ्यानेच आधी करायची. हाच नियम कारखान्याला, नगरपालिकेला आणि आपल्यालाही लागू आहे.