घरच्या फोटोत कुत्र्यांनाही जागा

चुलीपाशी असाल, गोठ्यात असाल, वैरण कापत असाल, तर हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. बचत गटांच्या कामानं मी राधानगरी भागातल्या वाड्यावस्त्यांवर फिरते. दरवेळी मी कर्ज, परतफेड, शेळीपालन यावर बोलते. आजचा विषय जरा वेगळा आहे. ज्या घरात टाकून दिलेली, जखमी, उपाशी कुत्री आणून सांभाळली आहेत, त्या घरानं सगळ्यांचा मिळून एक चांगला फोटो कसा काढायचा, हे सांगणार आहे. कुणी म्हणेल, "माणसांचे फोटो निघायची मारामार, तिथं कुत्र्यांचे कुठं काढताय?" म्हणू देत. पुढं ऐका.

आपल्याकडं जनावरांचे दिवस आहेत. बैलाला बेंदूर आहे, गाय-वासराला वसुबारस आहे, नागाला पंचमी आहे. रात्रभर जागून घर राखणाऱ्या कुत्र्याला मात्र एकही दिवस नाही. नेपाळात तो आहे. तिथं दिवाळीला तिहार म्हणतात. तिहारच्या दुसऱ्या दिवशी कुत्र्याच्या कपाळाला टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात आणि चांगलंचुंगलं खायला देतात. रस्त्यावरच्या कुत्र्यालासुद्धा हा मान मिळतो.

आपल्याकडं कुत्र्याला मानाची जागा मिळाली ती देवाच्या फोटोत. तसबिरीला आपण फोटोच म्हणतो की नाही? नरसोबाच्या वाडीहून आणलेला दत्ताचा फोटो बघा. मागं गाय आणि पायाशी चार कुत्री. ते चार वेद आहेत, असं जाणती माणसं सांगतात. खंडोबाच्या घोड्याबरोबरही कुत्रा असतोच. नामदेव महाराजांची गोष्ट तर आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्रा कोरडी भाकरी घेऊन पळाला, तर महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले. आणि आपल्याच काळातलं उदाहरण हवं असेल, तर गडचिरोलीतल्या हेमलकशाचं घ्या. १९७३ साली बाबा आमट्यांनी तिथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. शिकारीत आई मेलेलं माकडाचं पिल्लू डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाताई यांनी घरी आणलं, आणि पुढं प्राण्यांचं अनाथालयच उभं राहिलं. त्यांच्या घरच्या फोटोत बिबट्यासुद्धा दिसतो. अर्थात रानातलं जनावर घरात ठेवायला तुम्हाआम्हाला कायद्यानं मनाई आहे. ते कुणी करू नका. पण कुत्रं आपल्या दारातच असतं.

आमच्या एका गटातल्या ताईंकडं अशी पाच कुत्री आहेत. एकही विकत आणलेलं नाही. थोरला खंड्या आता म्हातारा झालाय, डोळ्यांनी दिसत नाही. दोघी बहिणी आहेत, त्यांना कुणीतरी पोत्यात घालून ओढ्याकडंला टाकलं होतं. एक तीन पायांचा आहे, घाटात गाडीखाली सापडलेला. शेवटची आली ती भुरी. तिला दगड मारून मारून हाकलत होते. ताईंची मुलगी नर्सिंग शिकायला बाहेरगावी निघाली होती. जाताना तिला घरच्यांचा फोटो न्यायचा होता आणि त्यात पाचही कुत्री पाहिजे होती. फोटोवाल्यानं सांगितलं, "माणसांचा काढतो, कुत्री बाहेर ठेवा." आजीही आधी म्हणाल्या, "लोक हसतील." पण मुलगी हटली नाही. "परत येईन तेव्हा खंड्या असेल का?" एवढंच ती म्हणाली. मग आजी गप्प झाल्या आणि माझ्याच मोबाइलवर फोटो काढायचं ठरलं.

त्या सकाळी जे कळलं, ते तुम्हालाही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट वेळेची. कोवळ्या उन्हात, सात-साडेसातला फोटो चांगला येतो. दुपारच्या उन्हात डोळे मिचकावले जातात आणि चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात. सोप्याच्या कडेला बसा, उजेड तोंडावर येईल असं बघा. उजेडाचं दार पाठीमागं असलं की सगळे काळेच दिसतात. त्याआधी कुत्र्यांना शेतावरून एक मोठी चक्कर मारून आणा. दमलेलं कुत्रं आपोआप बसतं.

दुसरी गोष्ट बसवण्याची. आधी माणसांनी बसायचं, मग कुत्र्यांना आणायचं. माणसांची जागा ठरेपर्यंत कुत्र्यांचा धीर संपतो. जी दोन कुत्री एकमेकांवर गुरगुरतात ती दोन टोकांना ठेवा, मधे माणसं बसवा. एकेका कुत्र्याची जबाबदारी एकेकावर द्या. पट्टा हातात सैल धरा, पदराआड तो दिसतही नाही. म्हाताऱ्या कुत्र्याला ज्याच्या अंगाचा वास ओळखीचा आहे, त्याच्याच पायाशी बसवा. खंड्या आजींच्या पायाशी बसला आणि फोटो संपेपर्यंत हलला नाही. लोक हसतील म्हणणाऱ्या आजी, आणि त्याला रोज भाकरी कुस्करून घालणाऱ्याही त्याच.

तिसरी गोष्ट मोबाइलची. पदरानं काच पुसून घ्या. उभं राहून वरून काढू नका, खाली बसा, कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर या. काळं कुत्रं असेल तर त्याच्या तोंडावर पडद्यावर बोट टेकवा आणि उजेड थोडा वाढवा, नाहीतर नुसता काळा ठिपका येतो. फ्लॅश लावू नका. कुत्र्याच्या डोळ्यात आत आरशासारखा एक पडदा असतो, म्हणून तर त्याला अंधारात दिसतं. फ्लॅशचा उजेड त्यावरून परततो आणि डोळे हिरवे, भुतासारखे दिसतात. एकच फोटो काढून थांबू नका, बटण दाबून धरा, वीस-पंचवीस निघू देत. त्यातला एक तरी धड असतो. कान टवकारायला पिशवी चुरगाळा किंवा तोंडानं बारीक आवाज काढा. पण दोन-तीनदाच. नंतर त्यांना कळतं की मिळत काही नाही.

चौथी गोष्ट मला भुरीनं शिकवली. मी मोबाइल धरायला हात वर केला की ती आजींच्या मागं जाऊन थरथरायची. असं तीनदा झालं. मग ताई म्हणाल्या, "तिला वाटतंय तुम्ही दगड मारताय." ज्याला दगड बसलेत, त्याला वर गेलेला प्रत्येक हात दगडाचाच वाटतो. मग आम्ही मोबाइल धान्याच्या डब्याला टेकवून ठेवला, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि मी बाजूला झाले. भुरी हळूच बाहेर आली. मधोमध नाही आली, आजींच्या मागं उभी राहिली, अर्धंच तोंड दिसेल अशी. मी तिला पुढं ओढायला सांगितलं नाही. जे कुत्रं जिथं निर्धास्त आहे, तिथंच त्याला राहू द्यावं. सगळ्यांनी समोर बघितलंच पाहिजे, असा हट्ट कशाला? टायमरचा आणखी एक फायदा आहे. घरातले फोटो जी काढते ती बाई एरवी कुठल्याच फोटोत नसते. टायमर लावला की तिलाही जाऊन बसता येतं.

आता काय करू नये तेही सांगते. फोटोसाठी लहान मुलांना कुत्र्याच्या गळ्यात पडायला, मुका घ्यायला लावू नका. आपल्याला ते गोड दिसतं, कुत्र्याला कोंडल्यासारखं होतं. झोप नसताना जांभई, सारखी ओठांवरून जीभ, तोंड फिरवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पायात, अंग ताठ, ही त्याची "पुरे" म्हणायची भाषा आहे. ती दिसली की तिथंच थांबायचं. बक्षीस म्हणून भाकरीचा तुकडा किंवा उकडलेलं अंडं द्या. चॉकलेट, कांदा, द्राक्षं, मनुका देऊ नका, त्यांना ते विषारी आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. फोटोत घेतलं म्हणजे घरचं मानलं. मग घरच्या माणसासारखी त्याची काळजीही आली. फोटोच्या आधी रेबीजची लस टोचून घ्या. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, पुढं डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर आणि मग दरवर्षी. नर असो, मादी असो, नसबंदी करून घ्या. पोत्यातली पिल्लं येतात कुठून? नसबंदी न केलेल्या कुत्र्यांपासूनच. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांत मोकाट कुत्र्यांच्या नसबंदीची आणि लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. तेव्हा ग्रामसभेत हा विषय मांडायला लाजू नका.

कुत्रा चावला, ओरखडला, तर घरचा असला तरी जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. तिखट, चुना, हळद, तंबाखू काहीही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि ठरलेल्या तारखांना सगळी इंजेक्शनं पुरी करा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस बहुधा वाचत नाही, पण वेळेत इंजेक्शनं घेतली तर हा रोग टळतो. लुई पाश्चर यांनी १८८५ साली चावा बसलेल्या एका मुलाला पहिल्यांदा ही लस दिली आणि तो वाचला. २८ सप्टेंबर हा त्यांचा स्मृतिदिन, तोच जगभर रेबीज दिन म्हणून पाळतात.

आपल्याला आणखी एक जबाबदारी आहे, कारण आपण रानाच्या कडेला राहतो. दाजीपूरचं रान एकेकाळी कोल्हापूरच्या राजांचं शिकारीचं रान होतं. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झालं. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात आपलं राधानगरी अभयारण्यही आहे. मोकाट कुत्री रानात शिरली की भेकरं, ससे यांच्या मागं लागतात, रोगही नेतात. उलट कुत्र्याच्या वासावर बिबट्या वस्तीत येतो. म्हणून रात्री कुत्रं बाहेर साखळीला बांधून ठेवू नका. गोठ्यात किंवा सोप्यात, दार लावून आत घ्या.

ताईंच्या घरी त्या सकाळी साठ-सत्तर फोटो निघाले. मुलीनं निवडला तो फोटो नीटनेटका नाही. तीन पायांचा जांभई देतोय, दोघी बहिणी भलतीकडंच बघतायत, भुरी अर्धीच दिसते. आजी मात्र छान हसल्यात. मुलीनं तो वसतिगृहात कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.

मैत्रिणींनो, मोबाइल पाण्यात पडतो, बिघडतो, फोटो त्याच्याबरोबर जातात. एक तरी छापून घ्या. पाठीमागं माणसांची आणि कुत्र्यांची नावं लिहा, फोटोची तारीख लिहा, खाली लस कधी टोचली, नसबंदी कधी झाली तेही लिहा. कुत्रं हरवलं तर दाखवायलाही हाच फोटो कामी येतो.

गटाच्या पुढच्या बैठकीत हजेरी झाली की पाच मिनिटं काढा. कुणाच्या घरी किती कुत्री, किती जणांना लस झाली, याची यादी रजिस्टरच्या मागच्या पानावर करा. यादी घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा आणि आपल्या वाडीत एक दिवस शिबिर घेता येईल का, विचारा. एकटीनं गेलं तर "बघू" म्हणतात. दहा जणी गेल्या की तारीख मिळते, हे आपल्याला बँकेत कळलंच आहे. शिबिर झालं की त्याच दिवशी, त्याच अंगणात, ज्यांना पाहिजे त्यांचे फोटो काढा.