विचारायचं आपण
(प्राध्यापिकांच्या शिबिरात केलेले भाषण)



मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. आज एक चूक कबूल करून सुरुवात करते. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. वही कोरी, तोंड बंद. आळशी आहे, असं मी ठरवून टाकलं. सहामाहीत नापास झाली तेव्हा तिला बोलावलं. "मॅडम, मला फळ्यावरचं दिसत नाही." "मग सांगितलं का नाहीस?" "आई म्हणते, चारचौघांत बोलू नकोस, लग्नाला अडचण येईल."

मुलीचं अपंगत्व घरातच झाकलं जातं. मग 'ती मागेल तेव्हा देऊ' म्हणून कसं चालेल? विचारायचं आपण, तेही सगळ्या वर्गाला, म्हणजे कुणी एकटी उघडी पडत नाही.

त्यानंतर मी फळ्यावर लिहिते ते मोठ्यानं वाचते. 'ही रेषा इकडून तिकडे' असं न म्हणता 'मागणीची रेषा उजवीकडे सरकली' म्हणते. टिपणं आदल्या दिवशी मोठ्या टाइपात देते. काही मुलींना ओठांच्या हालचालींवरून बोलणं समजतं, म्हणून वर्गाकडे पाठ करून बोलत नाही. कुबड्या घेऊन येणाऱ्या मुलीसाठी आम्ही तास तळमजल्यावर आणला. पण तिथे तिला वापरता येईल असं स्वच्छतागृह नव्हतं. ती दिवसभर पाणीच पीत नसे! तेही भांडून करून घ्यावं लागलं.

यात उपकार कसले? 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 आहेत. अध्ययन अक्षमताही त्यात आली. सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत किमान 5 टक्के जागा राखीव आहेत. परीक्षेला लेखनिक आणि जादा वेळ यांची तरतूद आहे. तरी 2021 साली 'नीट' परीक्षेत, लिहिण्याची अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला हक्काचा जादा तास नाकारला गेला. हा अन्याय असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं. फेरपरीक्षा मात्र मिळाली नाही.

उशिरा मिळालेल्या न्यायाचं असं होतं. माझी ती विद्यार्थिनीही पुढच्या वर्षी आली नाही. मी विचारलं, पण सहा महिने उशिरा.

म्हणून एवढंच मागते. जूनमधल्या पहिल्या तासाला हजेरी घेऊन झाली की विचारा, "शिकताना कुणाला काय लागेल? नंतर एकटीनं येऊन सांगितलं तरी चालेल." आणि जी येईल तिचं ऐका.