परतीच्या पगाराचा हिशेब

तुमच्या लंडनच्या मंडळाच्या पत्रात विषय मोठा होता, परदेशी उच्च शिक्षणाचं मार्गदर्शन. तो मी लहान करून घेतला आहे. लंडनमधली विद्यापीठं कोणती, व्हिसाचा अर्ज कसा भरायचा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे : नांदेड-लातूरकडचं एखादं कुटुंब लंडनमधल्या एका वर्षाच्या मास्टर्सचा खर्च कसा काढतं, आणि तो कसा काढायला हवा. हे तुमच्यासमोर बोलण्याचं कारण साधं आहे. ज्यांना तुम्ही धड ओळखतही नाही अशा कुणाचा तरी गावाकडून फोन येतो, ‘आमचं पोरगं येतंय तिकडं, जरा लक्ष असू द्या.’ तुम्हाला मदत करायची असते, पण नेमकं काय सांगावं ते सुचत नाही. माझं म्हणणं आधीच मांडतो. महागड्या शहरातल्या पदवीचा खर्च फीवरून ठरत नाही. मूल परत आलं, तर पुण्यात मिळणाऱ्या पगारातून कर्जाचा हप्ता जाईल का, यावरून तो ठरतो.

एक तुलना मला फार दिवसांपासून खटकते आहे. लातूरला बारावी आणि नीटसाठी मूल ठेवायचं असतं तेव्हा आपल्याकडचं कुटुंब किती बारकाईनं हिशेब करतं ते आठवा. देगलूर-मुखेडचा शेतकरी असो की नांदेडचा शिक्षक, क्लासच्या फीवर तो कधीच थांबत नाही. हॉस्टेल किती, मेस किती, मेसला सुट्टी असेल त्या वेळच्या जेवणाचं काय, अभ्यासिकेचे महिन्याला किती, टेस्ट सिरीज फीमध्येच आहे की वेगळी, पाण्याचे पैसे भाड्यात धरलेत का. (२०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं हा प्रश्न विचारावाच लागतो.) आई खोली करून राहिली तर हॉस्टेल आणि मेस दोन्ही वाचतात, पण मग घरचं कोण बघणार, यावरही घरात बोलणं होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘रिपीट’. पहिल्या खेपेला नंबर लागला नाही तर आणखी एक वर्ष लागेल, हे धरूनच पैसे बाजूला ठेवले जातात. अपयशाचा खर्च आधीच हिशेबात घेणं हे मोठं शहाणपण आहे, आणि ते आमच्या भागात घरोघरी आहे. हाच बाप मुलाला लंडनला पाठवताना एकच आकडा विचारतो : फी किती? पौंडाला एकशे वीसनं गुणतो आणि तिथं थांबतो. खोली, प्रवास, नोकरी शोधण्याचे महिने, नोकरी न मिळाल्यास काय, यातलं काहीच त्या कागदावर नसतं.

याचं कारण अज्ञान नाही, अडाणीपणा तर नाहीच. लातूरचा हिशेब चोख होतो, कारण गल्लीतल्या चार घरांनी तो आधी केलेला असतो. आकडे तोंडोतोंडी फिरतात. लातूर पॅटर्नही असाच, एकानं दुसऱ्याला सांगत पसरला. (तो जिथं रुजला त्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९९४ साली ते विद्यापीठ निघालं तेव्हा या भागातल्या पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च एकदम घराजवळ आला. ही गोष्ट आपण पुरेशी ध्यानात घेतलेली नाही, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.) लंडनच्या बाबतीत गल्लीत माहितगार नसतो, फक्त कन्सल्टंट असतो. आणि कन्सल्टंटला बहुतेक वेळा विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. तो खोटंच बोलेल असं नाही, पण खोलीचं भाडं सांगण्यात त्याचा काही फायदा नसतो. गल्लीतल्या माणसाची ती रिकामी जागा तुमची आहे.

आता आकडे. फी ३०,००० पौंड धरू, कमी-जास्त असेल. ब्रिटिश सरकार विद्यार्थी व्हिसासाठी राहण्या-खाण्याचे जे पैसे दाखवायला सांगतं, ते ११ नोव्हेंबर २०२५ पासून लंडनसाठी महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड आहेत. मात्र ते मागितले जातात जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे, म्हणजे लंडनसाठी १३,७६१ पौंड. गोंधळ इथंच होतो. मास्टर्स बारा महिन्यांचं असतं. बारा महिने धरले तर १८,३४८ पौंड होतात. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६. व्हिसा साधारण सोळा महिन्यांचा असल्यानं दीड वर्षाचा पडतो, १,१६४. बेरीज साडेएकोणपन्नास हजार पौंड. विमान, व्हिसाची फी, खोलीचं डिपॉझिट, पहिल्या थंडीचे कपडे अजून आलेलेच नाहीत. १२० रुपयांचा भाव धरला तर घरात ‘छत्तीस लाख’ म्हणून बोललेली पदवी साठ लाखांवर जाते. आणि १,५२९ पौंडांत या शहरात कुठल्या झोनमध्ये, कसली खोली मिळून उरलेल्या पैशांत महिना निघतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

नऊ महिन्यांच्या रकमेचं आणखी एक दुखणं आहे. ती २८ दिवस खात्यात असावी लागते. काही घरांत ती नातेवाइकांकडून गोळा करून तेवढे दिवस ठेवली जाते आणि व्हिसा मिळताच ज्याची त्याला परत जाते. अट कागदावर पुरी होते, पण मूल हीथ्रोवर उतरतं तेव्हा त्याच्या मागे फक्त भरलेली फी असते. मग भरवसा पार्ट-टाइमवर. सत्राच्या काळात आठवड्याला वीस तासांची मर्यादा आहे, हे तुम्ही जाणताच. खुद्द ब्रिटिश सरकार व्हिसा देताना ‘मी इथं काम करून मिळवीन’ ही भावी कमाई पुरावा म्हणून धरत नाही. जी कमाई सरकार धरत नाही, ती साठ लाखांच्या हिशेबात आपण कशाच्या जोरावर धरतो?

कर्जाकडे येतो. आमच्याकडे बहुतेकांची मालमत्ता म्हणजे शेत, आणि शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत. घर लागतं, एनए झालेला प्लॉट लागतो, नाही तर मुदतठेव. ज्याच्याकडे फक्त सात-बारा आहे, तो विनातारण, चढ्या व्याजाच्या कर्जाकडे वळतो किंवा जमीन विकतो. समजा, ४० लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी मिळालं. शिक्षणाचं एक वर्ष आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चालूच. दोन वर्षांचं सरळ व्याज ८ लाख ८० हजार. ते मुद्दलात मिळवून दहा वर्षांत फेडायचं ठरवलं तर महिन्याचा हप्ता ६७ हजारांच्या पुढे जातो. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे एका महिन्याच्या हप्त्याला साडेबारा क्विंटलहून अधिक सोयाबीन, तेही हमीभाव हाती पडला तर. चांगल्या वर्षीही कोरडवाहू एकराला तेवढं होत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं काय केलं ते तुम्ही बातम्यांत पाहिलं आहे. म्हणून ‘नाहीच जमलं तर शेतातून फेडू’ हे वाक्य बोलण्याआधी एवढा गुणाकार करून बघावा.

यावर पहिला आक्षेप इथंच बसलेल्यांकडून आला : परत कोण येतं? नोकरी लागते, पौंडांत पगार मिळतो, कर्ज दोन-तीन वर्षांत फिटतं. ज्यांचं असं झालं ते या सभागृहात आहेत. ज्यांचं झालं नाही ते परत गेले, म्हणून ते इथं दिसत नाहीत. तरी नोकरी लागली असंच धरून चालू. स्किल्ड वर्करच्या व्हिसाला नव्यानं नोकरीत येणाऱ्यासाठी किमान पगार आज वर्षाला ३३,४०० पौंड आहे, इतरांसाठी साधारणपणे ४१,७००. ३३,४०० मधून कर आणि नॅशनल इन्शुरन्स गेल्यावर महिन्याला २,३०० च्या आत हाती येतात, पेन्शनची कपात वेगळीच. त्यातून विद्यार्थ्यासारखं राहून १,५२९ गेले आणि हप्त्याचे ५६० गेले, की दोनशे पौंड उरतात. म्हणजे सगळं मनासारखं झालं तरी किमान पगारात हे कर्ज जेमतेम चालतं, दोन-तीन वर्षांत फिटत नाही. शिवाय नोकरी शोधायला मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना तो अठरा महिन्यांचाच मिळेल. नियम ठरवणारं सरकार दुसऱ्या देशाचं आहे आणि ते आपला हप्ता बघून नियम करत नाही. परतीचा पगार मात्र कुणाच्या व्हिसावर अवलंबून नाही. पुण्यात आठ लाखांची नोकरी मिळाली तर हाती साठ हजारांच्या आसपास येतात. त्यातले वीस हजार हप्त्याला देता येतील असं धरलं, तर वरच्याच व्याजानं आणि मुदतीनं झेपणारं कर्ज निघतं सुमारे बारा लाख. पंधरा लाखांचा पगार मिळण्यासारखी विद्याशाखा आणि अनुभव असेल तर वीस-एकवीस लाख. त्याच्या वरची रक्कम शिष्यवृत्तीतून यायला हवी, किंवा बुडाली तरी घर चालेल अशा बचतीतून.

महाग शहरातच नोकऱ्या असतात, मग स्वस्त गावात शिकून काय उपयोग, असंही विचारलं गेलं. हा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर थोडं अनपेक्षित आहे. सरकारी आकड्यांनुसार लंडन आणि लंडनबाहेर यांत वर्षाचा फरक ४,२९६ पौंडांचा, सुमारे पाच लाख रुपयांचा. प्रत्यक्ष भाडं पाहता तो जास्त असेल, पण साठ लाखांत शहराचा वाटा आपण समजतो तेवढा मोठा नाही; मोठा वाटा फीचा आणि मोजायचे राहून गेलेल्या महिन्यांचा. म्हणून केवळ लंडन टाळून हा हिशेब सुटत नाही. जर्मनीबद्दल विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो की तिथल्या खात्यात अडकवून ठेवायची रक्कम, वर्षाला ११,९०४ युरो, म्युनिकला आणि लाइपझिगला एकच आहे. भाडं एकच नाही. आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानं २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे.

चलनाचा प्रश्न एका ज्येष्ठ सदस्यांनी काढला : रुपया घसरतो त्याचं काय? थोडं मागे जाऊन सांगतो. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा नांदेडच्या घरात कमाई हाली सिक्क्यात असे आणि मुलगा पुण्या-मुंबईत शिकत असेल तर खर्च कलदार रुपयांत. सात हाली म्हणजे सहा कलदार. घरचं नाणं एक आणि शिक्षणाचं दुसरं, हे आमच्या भागाला नवं नाही. पण तो भाव जवळजवळ स्थिर होता. २०१४ च्या सुमारास साठ रुपयांना मिळणारा डॉलर २०२५ च्या डिसेंबरात नव्वदीला टेकला. कर्ज रुपयांत मंजूर होतं आणि खर्च पौंडांत होतो, म्हणून भाव वर गेला की शेवटच्या काही महिन्यांचे पैसे अपुरे पडतात. पौंडांत पगार मिळाला तर हीच घसरण फायद्याची, परत आलं तर तिचा काही उपयोग नाही. मूळ हिशेबात भाव दहा टक्क्यांनी चढा धरावा.

जामीन राहावं का, असं एका ताईंनी विचारलं. इथला जामीनदार नसला की घर मिळणं अवघड जातं, म्हणून मुलं तुमच्याकडे येतात. माझं मत असं, की करार वाचल्याशिवाय सही करू नये. चार मुलांनी मिळून घेतलेल्या घरात जामीन एका मुलापुरता आहे की अख्ख्या घराच्या भाड्याचा, हे त्यात लिहिलेलं असतं. ‘फक्त याच्या वाट्यापुरता’ असं लिहून मिळालं तर जरूर राहावं. ती मोठी मदत आहे.

सगळ्यात वजनदार आक्षेप शेवटी आला. असा हिशेब करत बसलं असतं तर बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला गेले असते का? हा हिशेब गरिबाच्या पोराला घरी बसवणारा आहे, असा त्याचा अर्थ. मी तो गंभीरपणे घेतो, आणि माझ्या मते बाबासाहेबांचं उदाहरण उलट बाजूनं बोलतं. १९१३ साली ते न्यू यॉर्कला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. १९१६ मध्ये लंडनला आले, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पगारातून शिल्लक टाकली, शाहू महाराजांची मदत मिळाली, आणि १९२० मध्ये ते पुन्हा इथं आले. किंग हेन्रीज रोडवरचं त्यांचं घर आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. महाराष्ट्र सरकारनं ते २०१५ मध्ये घेतलं. त्या घरातला विद्यार्थी पैसे संपले म्हणजे काय होतं हे एकदा भोगून आला होता, आणि दुसऱ्या खेपेला तजवीज करून आला होता. एवढ्या बुद्धीच्या माणसाचीही तीन वर्षं पैशाच्या खंडानं गेली. तेव्हा गरिबाच्या पोरानं यावं, जरूर यावं, पण दुसऱ्याच्या पैशावर यावं, म्हणजे शिष्यवृत्तीवर. बापाच्या जमिनीवर नव्हे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, सारथीची आहे, चेव्हनिंग आहे (तिची दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट आपल्या हिशेबाशी जुळतेच), १८९२ पासूनचं जे. एन. टाटा एंडाउमेंट कर्जरूपानं मदत करतं. या अर्जांसाठी एक वर्ष थांबावं लागलं तर थांबावं. नीटसाठी आपण थांबतोच.

तुम्हाला माझी विनंती एवढीच. पुढचा फोन आला की ‘काही लागलं तर सांगा’ यावर बोलणं संपवू नका. तुमच्या भागातलं एका खोलीचं भाडं, महिन्याचा प्रवासखर्च, किराणा, हे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा, आणि बारा महिन्यांनी गुणायला सांगा. कर्ज किती, व्याज किती, तारण काय, हे संकोच न करता विचारा. लातूरला मूल ठेवताना शेजारी हेच विचारतो आणि कुणाला राग येत नाही. आणि हे सगळं विद्यापीठाचं डिपॉझिट भरण्याच्या आधी व्हायला हवं, कारण व्हिसा नाकारला गेला यांसारखी मोजकी कारणं सोडली तर ते पैसे सहसा परत मिळत नाहीत.